तालमी, डिफॉल्टर लिस्ट आणि अभ्यासिकेतला दादा

पत्र थोडक्यात

उदगीरजवळच्या एका गावातली ही मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नारायण पेठेत मुलींच्या खासगी हॉस्टेलवर राहते. गेल्या वर्षी पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यावर मैत्रिणीसोबत कॉलेजच्या नाट्यसंघात गेली. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला बॅकस्टेज केलं, यंदा पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेलाही. हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं आणि तालमी त्यापुढे चालतात. म्हणून काही रात्री 'मावशीकडे जाते' असं रेक्टरना सांगून मैत्रिणीच्या फ्लॅटवर काढल्या. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल लांबलं. पहिल्या वर्षाचा इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर राहिलाय, आणि आता विभागाच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, नाव लागलंय. घरी यातलं काहीच माहीत नाही. महिन्याभरापूर्वी सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या चुलत भावाने तिला रात्री भरत नाट्य मंदिराबाहेर टेम्पोतून लेव्हल्स (सेटचे लाकडी चौथरे) उतरवताना पाहिलं. म्हणाला, "काकांना सांगू का, पोरगी पुण्याला हमाली शिकायला गेली म्हणून?" ती विचारते: नाटक सोडून अभ्यासाला लागू, की घरी सांगून जे होईल ते होऊ देऊ? आणि माझी भाषा ऐकून मला स्टेजवर तर कुणी घेणार नाही, मग हे सगळं कशासाठी?

उत्तर

सोडू की सांगू, असे दोनच पर्याय तू समोर ठेवलेस. त्यांच्याकडे वळण्याआधी तुझ्याच पत्रातल्या तारखा जरा नीट लावून बघू.

इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर राहिला तो पहिल्या सत्राचा. तू तालमीला पहिल्यांदा गेलीस ती ही परीक्षा संपल्यावर. निकाल लागला फेब्रुवारीत, ऐन फिरोदियाच्या धावपळीत. नापास झाल्याचं कळलं तेव्हा हातात रंगाचा ब्रश होता, म्हणून तू त्या पेपरचं खापर नाटकाच्या माथी फोडलंस. खरं कारण त्याच पत्रात दोन ओळी वर आहे: "सर काय बोलतात ते कळायलाच दिवाळी आली." दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, बारावी क्लासच्या नोट्सवर काढलेली मुलगी पुण्यात पहिल्या बाकावर जरी बसली, तरी पहिलं सत्र तिच्या डोक्यावरून जाऊ शकतं. अशी पत्रं मला दरवर्षी येतात. कुणी दोष मोबाइलला देतं, कुणी प्रेमप्रकरणाला. तू नाटकाला दिलास. उलट दुसऱ्या सत्रात, म्हणजे नाटकात शिरल्यानंतर, तुझे सगळे विषय सुटले. नाटकामुळे तू हुशार झालीस, असा अर्थ मी त्यातून काढणार नाही. पण नाटक सोडलं की इलेक्ट्रॉनिक्स सुटेल, हा हिशेब काही जुळत नाही. त्याला सर्किटंच समजून घ्यावी लागतील, आणि ती समजावणारं टी.वाय.चं (तिसऱ्या वर्षाचं) कुणीतरी तुमच्या नाट्यसंघातच सापडेल. विचारून बघ.

डिफॉल्टर लिस्ट मात्र नाटकाच्याच खात्यावर आहे. तिथे मी तुझी बाजू घेणार नाही. मंगळवार-शुक्रवारच्या दुपारच्या प्रॅक्टिकलला दांडी मारून तू सेट रंगवलास, हे तुझंच वाक्य. कॉलेजतर्फे स्पर्धेत उतरणाऱ्यांना बरीच कॉलेजं लेक्चरच्या हजेरीत सवलत देतात, पण ती आपोआप मिळत नाही. नाट्यसंघाच्या प्रभारी शिक्षकांनी सहीनिशी यादी विभागाला द्यावी लागते, आणि त्या यादीत नटांची नावं असतात, बॅकस्टेजची हटकून राहून जातात. उद्याच जाऊन तुझं नाव आहे का ते बघ. नसेल तर घालून घे. प्रॅक्टिकलला मात्र ही सवलत धरून चालू नकोस. प्रॅक्टिकल केलं तर जर्नलवर सही, सही असेल तर सबमिशन, सबमिशन झालं तर टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. ही साखळी कुठल्याही करंडकाने तुटत नाही. बुडलेली प्रॅक्टिकल्स दुसऱ्या बॅचबरोबर करू द्याल का, हे लॅबच्या मॅडमना आत्ता, ऑक्टोबरात विचार. सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबबाहेर रांग असते आणि तेव्हा कुठल्याही मॅडम चिडलेल्याच असतात. पुढच्या वेळी संघाला आधीच सांगून ठेव, की प्रॅक्टिकलच्या दिवशी पाचच्या आत मी नाही. सेटला रंग मारायला बुधवारही चालतो.

आता तालमीच्या वेळा. या विषयावर मला जरा राग आहे, सांभाळून घे. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असा ठरलेला आकडा असतो. नाटकाला असा आकडा नसतो, म्हणून ते मिळेल तेवढी संध्याकाळ खातं. तालीम साडेपाचची म्हणून सांगतात. पावणेसातला दिग्दर्शक येतो. मग चहा, मग कालच्या तालमीवर चर्चा, मग नायकाला कुणाचा तरी फोन. "चला रे, एक रन मारू" असं कुणीतरी म्हणतं तेव्हा आठ वाजलेले असतात. घर कोथरूडला आहे आणि आई जेवायची थांबली आहे, अशांना हे परवडतं. साडेनऊच्या गेटवाल्यांना परवडत नाही, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना तर अजिबातच नाही. शिवाय पहिले तीन-चार आठवडे वाचन आणि हालचाली बसवणं चालू असतं, तेव्हा बॅकस्टेजच्या माणसाचं तिथे काम काय? तूच लिहिलंयस: चहा आणणं, स्क्रिप्टच्या झेरॉक्स काढणं, आणि जो आला नाही त्याची वाक्यं वाचणं. दिग्दर्शकाला सरळ विचार, मी नक्की कधीपासून लागणार आहे? लेव्हल्स, प्रॉपर्टी, ब्लॅकआउटमधले बदल हे सगळं शेवटच्या पंधरवड्यातलं काम आहे. तो पंधरवडा मन लावून दे. एरवी साडेआठला निघ. "कमिटमेंट नाही" असं कुणी म्हणालंच, तर सव्वा तास उशिरा येणाऱ्यांना हाच शब्द ऐकवतात का, तेही बघ.

आणि दोन्ही करंडक, वर एनएसएसचं हिवाळी शिबिर, हे एका वर्षात बसत नाही. पुरुषोत्तम ऑगस्ट-सप्टेंबरात आणि लगेच सत्रपरीक्षा. फिरोदिया फेब्रुवारीत, त्यात नाटकाबरोबर नृत्य, वाद्यं, चित्रं सगळंच बसवायचं असतं, त्यामुळे तालमींना अंतच नसतो. यंदाचा पुरुषोत्तम तू केलास, यंदाचा वाटा संपला. फेब्रुवारीतला फिरोदिया प्रेक्षकांत बसून बघ, जाम मजा येते. ग्रुपमधून बाहेर पडेन ही भीती मला कळते. पहिल्या सत्रात तुला पुण्यात ओळखणारं कुणीच नव्हतं आणि आता आहे, त्यामुळे ती भीती खरीच आहे. पण दोन महिने तालमीला न येणाऱ्याला विसरून जाणारा ग्रुप असेल, तर तेही लवकर कळलेलं बरं.

हॉस्टेलच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. "मावशीकडे जाते" हे आजपासून बंद. खोटं बोलणं वाईट म्हणून मी हे सांगत नाही (थोडंसं त्यासाठीही सांगते). जरा विचार कर, त्यातल्या एखाद्या रात्री तुला काही झालं असतं, तर? रेक्टरच्या रजिस्टरात मावशी, घरच्यांच्या डोक्यात लॅब, आणि तू तिसरीकडेच. शेवटच्या पंधरवड्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रभारी शिक्षकांच्या सहीचं, तारखा आणि वेळा घातलेलं पत्र घे आणि रेक्टरना दे. कागद हातात असला की हॉस्टेलवाले बहुतेक वेळा कुरकुरत का होईना, लेट पास देतात. शिक्षकच पत्र द्यायला तयार नसतील, तर ती तालीम कॉलेजने मान्य केलेली नाही असं समज आणि गेटच्या वेळेत परत ये. रात्री उशीर झाला की संघातल्या दोघांनी मुलींना हॉस्टेलच्या दारापर्यंत सोडायचं, हा संघाचा नियमच करून घ्या. त्यात कुणाचे उपकार नकोत. तरीही कधी अडचण आलीच, तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लक्षात असू दे. मुंबईच्या वाचकांसाठी: तुमच्याकडे गेटच्या जागी शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल असते, एवढाच फरक. २५ जानेवारीची 'सवाई' एकांकिका स्पर्धा रात्रभर बघायला जाताना घरी सांगून जाता ना, तशीच तालीमही सांगून करा.

आता दादा. भरतच्या आसपासच्या गल्ल्यांत अभ्यासिकाच अभ्यासिका आहेत, आणि तिथे तुमच्या भागातली कितीतरी पोरं दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत बसलेली असतात. जाहिरात कधी येईल, परीक्षा कधी पुढे जाईल, भरवसा नाही. दर महिन्याला गावाकडून पैसे मागवायचे आणि सणाला घरी गेलं की "काय झालं रे निकालाचं?" ऐकायचं. असा माणूस रात्री जेवायला म्हणून बाहेर पडतो, तर समोर "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून गळे फाडणारी पोरं, आणि त्यात आपली बहीण! तो जे बोलला ते टोचणारंच होतं, आणि 'हमाली' हा शब्द मलाही आवडलेला नाही. लेव्हल उचलणं हे सेट लावण्याचं काम आहे, आणि हमाली असती तरी त्यात लाजण्यासारखं काय? पण त्याने धमकी दिली असं धरून तू महिनाभर टिळक रोडने वळसा घालून जातेस. महिना झाला, अजून त्याने घरी सांगितलेलं नाही. मला तर असं दिसतं, की पुण्यात रात्री साडेदहाला हाक मारता येईल असं घरचं माणूस तुझ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि तू त्यालाच चुकवत फिरते आहेस. जाऊन भेट. एक चहा पाज. डिफॉल्टर लिस्टचंही सांग. परीक्षेत अडकण्याचं दुःख त्याच्याइतकं तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला कळणार आहे? सांगून झालं, की "सांगू का" हे वाक्य त्याच्याकडे उरतच नाही.

बाबांना सांगायचं ते दिवाळीला, समोर बसून. फोनवर नको. विकलेल्या सोयाबीनच्या हिशेबाची पट्टी हातात पडते त्या दिवशीही नको. आडतीवर भाव काय लागला त्यावर घरातलं बोलणं ठरतं, हे तुला मी सांगायला नको. आधी राहिलेला पेपर सांग, मग डिफॉल्टर लिस्ट, मग नाटक. नाटक आधी सांगितलंस आणि पेपर नंतर, तर जी गाठ तू मनात बांधून बसलीस तीच ते बांधतील, आणि मग ती सुटायची नाही. तारखा लावून सांग: पेपर कधीचा, तालीम कधीपासून. रात्री बाहेर राहिल्याचंही सांग. तो भाग सगळ्यात अवघड जाईल, पण तो दुसऱ्या कुणाकडून कळला तर आधीच्या कशावरही विश्वास बसणार नाही. सोबत बॅकलॉगच्या पेपरचं वेळापत्रक, प्रभारी शिक्षकांचा नंबर आणि यापुढे हॉस्टेलला काय पत्र देणार ते घेऊन जा.

"बाबा नाहीच म्हणतील" असं तू लिहिलंस. आणि त्याच पानावर लिहिलंस, की ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि सप्ताहात सात-सात रात्री जागतात. मग हा माणूस तालमीचं नाव काढू देणार नाही, हे तू कशावरून ठरवलंस? गावच्या मंदिरात बापाने जागणं आणि परगावी पोरीने रात्री बाहेर असणं यांत घरचे फरक करणार, तो तसा धरतातच. पण नकार तूच त्यांच्या वतीने देऊन टाकलास आणि मग त्या नकाराला भिऊन खोटं बोललीस. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. समज, विचारल्यावर खरंच नाही म्हणाले. तर त्यांच्या नकळत चालू ठेव, असं मी सांगणार नाही. नकार नक्की कशाला आहे, तेवढं विचारून घे. रात्रीला असेल, तर संहितेचं, वेशभूषेचं, जमाखर्चाचं काम दिवसा होतं. मुलांबरोबर वावरण्याला असेल, तर आई-बाबांना एकदा प्रयोगालाच बोलाव, संघातली पोरं समोरासमोर भेटू देत. नाटक म्हणजेच वाया जाणं असं असेल, तर एक सत्र स्वच्छ पास होऊन पुन्हा विषय काढ. एक गोष्ट मात्र करू नकोस. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे यांचं उदाहरण घरी देऊ नकोस. पुण्यात बी. जे. मेडिकलला शिकताना नाटकं केली, एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मानसोपचारतज्ज्ञ. या विषयावरच्या प्रत्येक भाषणात ही नावं येतात आणि ती खरीच आहेत. पण बाबा एवढंच विचारतील, "ते पास झाले, तुझं काय?"

पैशांचं पटकन सांगते. मेसचे पैसे सेटच्या काँट्रीत (वर्गणीत) घालणं थांबव. कॉलेज नाट्यसंघाला काही ना काही निधी देतं. बिलं ठेवा आणि मागून घ्या. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तुमच्या कॉलेजात असेल तर ग्रंथालयात किंवा ऑफिसात तासांवर काम मिळतं, तेही हॉस्टेलच्या वेळेत बसणारं. आणि नव्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक उपक्रमांना, एनएसएसला श्रेयांक ठेवलेले आहेत. तुझ्या विभागात ते कसे धरतात याची चौकशी कर; फुकटात राबून ते सोडून देऊ नकोस.

राहिलं, 'हे सगळं कशासाठी?' करंडकासाठी असेल, तर २०२२ आठव. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तममध्ये त्या वर्षी अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून. पुष्कळ चर्चा झाली, बाजूने आणि विरोधात. त्या वर्षीच्या बॅकस्टेजवाल्यांनी लेव्हल्स मात्र तेवढ्याच उचलल्या होत्या. तुझ्या पत्रातला सगळ्यात लांब परिच्छेद ब्लॅकआउटवर आहे: जमिनीवरच्या रेडियमच्या पट्ट्या बघत अंधारात घराचा पाणवठा कसा करायचा, घागर कुणी उचलायची, पाय कुठे ठेवला तर फळी वाजत नाही, आणि लाइट आल्यावर प्रेक्षकांतून आलेला "अरे!" त्या अख्ख्या परिच्छेदात तक्रारीचा एक शब्द नाही.

स्टेजवर कुणी घेणार नाही, हेही तू ठरवूनच टाकलंस. यंदाचं तुमचं नाटक दुष्काळी गावातलं. पोरं सगळी कोथरूड-सिंहगड रोडची. संहितेत "म्या जातुया" लिहिलेलं, आणि तू सांगितलंस की आमच्याकडं "जालालाव" म्हणतात. मग रोज तालमीत "हे तुमच्यात कसं म्हणतात गं?" सुरू झालं आणि अर्धी संहिता तू दुरुस्त करून दिलीस. पत्रकात तुझं नाव 'रंगमंच साहाय्य' मध्ये शेवटून दुसरं. आणि हाच दिग्दर्शक तुला म्हणतो, "तू आधी शुद्ध बोलायला शीक." पुढच्या वेळी भाषेचं काम केलंस तर पत्रकात 'भाषा मार्गदर्शन' असं वेगळं नाव माग. काम करण्याआधी माग, नंतर कुणी देत नाही.

आणि पुढच्या वर्षी, इलेक्ट्रॉनिक्स सुटलेलं असेल तर, पुरुषोत्तमच्या ऑडिशनला जा. रांगेत उभी राहून, बाकीच्यांसारखी. गैरहजर नटांची वाक्यं वाचून तुझा आवाज तसाही तयार झालाय. तुझ्या बोलीतला दोन मिनिटांचा तुकडा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी बसून तयार कर. आजीचं, शेजारणीचं, बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईचं बोलणं ऐकून घे. "शुद्ध बोल" म्हणाले, तर तोच तुकडा लगेच पुणेरीत करून दाखव. मग कोथरूडच्या पोरांना म्हणावं, आता तुम्ही उदगिरीत करा.